आत जाणारी हवा

आमच्या गाडीने कण्हायला सुरुवात केली ती गेल्या वर्षी मृगाचा पाऊस लागला त्या सुमारास. कण्हणे हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे. पट्टा सैल झाला म्हणजे गाडी किंचाळते, बेअरिंग गेले म्हणजे घरघरते. ही कण्हत होती, आणि तेही चाके एका अंगाला पुरती वळवली म्हणजेच. फाटकातून बाहेर पडताना स्टिअरिंग डावीकडे फिरवावे, की बॉनेटखालून एक लांबट, दबका सूर निघे आणि त्याच क्षणी हाताला जडपणा जाणवे. रस्त्याला लागून गाडीने जरा वेग घेतला की दोन्ही नाहीसे होत. साहजिकच पहिले पंधरा दिवस मी तिकडे काणाडोळा केला. माणसाच्या दुखण्याकडे तरी आपण यापेक्षा लवकर कुठे लक्ष देतो?

माझा थोरला भाऊ निपाणीला असतो. तीन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. आता तो काठी घेऊन घरात चालतो, बोलणे थोडे जड झाले आहे, पण समजते. एका बुधवारी मी त्याला बेळगावला घेऊन येतो, दोन दिवस आमच्या टिळकवाडीच्या घरी ठेवून व्यायामाचे उपचार करवतो आणि शुक्रवारी परत पोचवतो. मधला एक आठवडा सोडून पुन्हा तेच. निपाणीहून कोल्हापूर जवळ आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट दूर, हे वाचकांच्या मनात येईलच. ते मला ठाऊक आहे आणि दादालाही. पण पहिला उपचार बेळगावात झाला, इथल्या बाईंच्या हाताला गुण आहे, असे त्याने एकदा ठरवले ते ठरवले. एस.टी.च्या पायऱ्या त्याला चढवत नाहीत. तेव्हा गाडी हवीच.

या दादाने उमेदीची वीस वर्षे ट्रक चालवला. निपाणीची तंबाखू भरून तो निघे आणि चार-पाच दिवसांनी लाल डोळ्यांनी परत येई. त्या वेळच्या ट्रकांना पॉवर स्टिअरिंग नव्हते. परातीएवढे ते चक्र, आणि ट्रक भरलेला व उभा असला तर ते फिरवण्यासाठी माणूस आसनावरून अर्धा उठे. दादाचे दंड पैलवानासारखे दिसत ते तालमीमुळे नव्हेत. डिझेल वाचवायचे म्हणून तवंदीच्या घाटात उताराला इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची एक खोड त्या पिढीच्या चालकांना होती, दादालाही होती. ती आज कुणी करू नये. इंजिन थांबले की पॉवर स्टिअरिंगची मदतही थांबते आणि ब्रेकचीही लवकरच संपते, आणि वळणावर हातात जे उरते ते त्या जुन्या ट्रकच्या चक्राचेच भावंड असते.

माझे दंड दादाचे नाहीत. मी शाळामास्तर. त्यातच माझा उजवा खांदा आखडलेला, हात कानापर्यंत नेताना डोळ्यांपुढे तारे चमकतात. निपाणीच्या जुन्या वस्तीत दादाच्या बोळाशी गाडी मागे घेताना, मग बेळगावात दवाखान्यापुढच्या अरुंद जागेत ती लावताना, त्या जड चक्राशी झुंजून मला घाम फुटू लागला. महामार्गाचे काहीच नाही. तिथे चाके आपसूक वळतात. सारी परीक्षा शेवटच्या शंभर पावलांत.

आणि एक बुधवार चुकला. गाडीचे काम निघाले आहे, असे मी फोनवर सांगितले. ते खोटे नव्हते. पण फोन खाली ठेवल्यावर जी सुटका वाटली, तिचा गाडीशी संबंध नव्हता, हेही लिहून ठेवले पाहिजे. पंधरा दिवसांनी दुसराही बुधवार त्याच कारणाने गेला. वहिनी म्हणाल्या, "असू दे भावजी, तुमचेही वय झाले. हे तर केव्हाचे म्हणताहेत, उगीच त्याला त्रास." मला आणखी एखादी सबब शोधावी लागली नाही. सबब दारात उभी होती आणि कण्हत होती.

एका गॅरेजवाल्याने चक्र दोनदा फिरवून निकाल दिला, की रॅक गेला, नवा घालावा लागेल. त्याने सांगितलेला आकडा गाडी विकून येतील त्या पैशांच्या निम्म्याला टेकत होता. मुलगा पुण्याहून म्हणाला, "बाबा, विकून टाका ती. दादाकाकांसाठी भाड्याची गाडी करू." बोलणे व्यवहाराचे होते. भाड्याची गाडी आली की मी जायची गरज नाही, हे त्यात न बोलता आले होते, आणि ते मला ऐकू आले.

आमच्या शेजारचे तात्या मध्ये पडले नसते, तर कदाचित तसेच झाले असते. तात्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत आयुष्यभर हायड्रॉलिक पंपांच्या जोडणीवर होते. बेळगाव म्हटले की बाहेरच्यांना कुंदा आठवतो. पण ओतकाम आणि हायड्रॉलिक पंप-व्हॉल्व्ह यांसाठीही आमचे गाव देशभरच्या कारखानदारांना माहीत आहे. सुरेश हुंदरे यांनी उभा केलेला पॉलीहायड्रॉनचा कारखाना इथलाच. तर असे हे तात्या सकाळी कुंपणापलीकडे फुले तोडत असता मी गाडी बाहेर काढली, आणि ते परडी हातात घेऊन तसेच थांबले. म्हणाले, "सर, पंप हवा ओढूलालाय बघा. रॅकचं काय नाही."

कानाने केलेल्या त्या निदानावर माझा विश्वास बसेना. तात्यांना ते दिसले असावे. "संध्याकाळी येतो, दाखवतो की," एवढेच बोलून ते फुलांकडे वळले.

पॉवर स्टिअरिंग म्हणजे काय हे त्या संध्याकाळी मला प्रथम कळले. इंजिनाच्या पट्ट्यावर एक लहान पंप फिरतो. तो डब्यातले तेल ओढतो आणि दाबाने पुढे ढकलतो. आपण चक्र फिरवले की दांड्यामधली पोलादाची एक बारीक कांडी किंचित पिळली जाते. तेवढ्या पिळाने एक झडप उघडते आणि दाबाखालचे तेल रॅकमधल्या दट्ट्याच्या एका बाजूला जाते. दट्ट्या सरकतो, चाके वळतात. हात थांबला की कांडी सुटते, झडप मिटते. आपला हात फक्त इच्छा सांगतो, श्रम तेल करते. ही कल्पना व्यवहारात आणली ती अमेरिकेतल्या फ्रान्सिस डेव्हिस यांनी. ते पियर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात अभियंता होते. जड ट्रक वळवताना चालकांचे होणारे हाल त्यांनी पाहिले होते. १९२६ साली त्यांनी असे यंत्र गाडीवर बसवून दाखवले, पण खर्चामुळे ते मागे पडले. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना त्याचा उपयोग झाला, आणि साध्या मोटारीत ते विक्रीला आले १९५१ साली, क्रायस्लरच्या इंपीरियल गाडीत. ट्रकवाल्यांसाठी सुचलेली सोय मोटारवाल्यांना आधी मिळाली आणि आमच्या दादापर्यंत ती कधी पोचलीच नाही. आता नव्या मोटारींत तेलही गेले, विजेची मोटर ते काम करते. आमची गाडी जुनी, तेलाची.

तात्यांनी आधी मला तेलाच्या डब्याचे झाकण काढायला लावले. इंजिन चालू असताना आतले लाल तेल फिकट गुलाबी दिसत होते, वर फेस, घुसळलेल्या ताकासारखा. मग इंजिन बंद केले. तेलाची पातळी पाहता पाहता वर चढली. तेलात कोंडलेली हवा दाब सुटताच फुगते, म्हणून तेल वर येते. नुसते तेल असते तर ते असे चढले नसते. मी यापूर्वी दोनदा तेल कमी दिसले म्हणून ओतले होते आणि ते बाहेर सांडले होते, त्याचा उलगडा झाला. (तेलाबद्दल एक सांगून ठेवतो. ज्या जातीचे तेल गाडीच्या पुस्तकात लिहिले आहे तेच घालावे. हाताशी आहे म्हणून ब्रेकचे तेल ओतू नये. त्याने आतली रबरी सीलें फुगून कामातून जातात.)

"मग गळती कुठे आहे?" मी विचारले.

तात्यांनी रात्री गाडीखाली 'तरुण भारत'ची जुनी पाने पसरून ठेवायला सांगितली. सकाळी पाने कोरडी. चाकांशी रॅकच्या टोकांना घडीदार रबरी पिशव्या असतात. तात्यांनी एकीची पट्टी सोडून आत बोट घातले. कोरडे. रॅकची सीलें गेली असती तर तेल या पिशवीत साठले असते. गॅरेजवाल्याने ही पिशवी उघडली असती तर, असो.

"बाहेर काय गळत नाही, म्हणून तर सापडत नव्हतं," तात्या म्हणाले. पंपाच्या पुढची नळी दाबाखाली असते. ती फुटली तर तेलाची पिचकारी उडते, आंधळ्यालाही कळते. पण डब्यातून पंपाकडे येणारी नळी ओढीखाली असते. पंप तिच्यातून चोखतो. तिला केसाएवढी चीर पडली तर जाड तेल बाहेर यायला वाट शोधत नाही, आणि पातळ हवा मात्र आत शिरते. चक्र पुरते वळवले की पंपावर ताण येतो. त्या तेलात हवा मिसळलेली असली, की तो कण्हतो.

सारे आयुष्य मुलांना शिकवताना मी चुका वहीत उमटलेल्या पाहिल्या. बाहेर काहीच न सांडणारी चूक कशी शोधायची, हे मला कुणी शिकवले नव्हते.

तात्यांनी घट्ट ग्रीसचा गोळा घेतला आणि त्या नळीच्या पंपाकडच्या टोकावर, पट्टीच्या कडेने, लिंपला. इंजिन सुरू करून चक्र फिरवले. कण्हणे निम्म्याने उतरले. मग नळी वाकवून दाखवली. पट्टीने वर्षानुवर्षे आवळलेल्या जागी रबर लाकडासारखे कडक होऊन बारीक भेगाळले होते.

नळी आणायला मी गेलो, आणि गाजावाजाने रेडिएटरची नळी घेऊन आलो. माप तंतोतंत जुळत होते. तात्यांनी ती हातात घेतली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "ही पाण्याची वो सर. तेलात चार महिन्यांत फुगून मऊ होईल." परत गेलो. तेलाला टिकणारी हातभर नळी आणि स्क्रूने आवळायच्या दोन पट्ट्या, सारे मिळून अडीचशे रुपयांच्या आत.

नळी बदलायला पाऊण तास लागला, आणि त्यातली चाळीस मिनिटे जुनी सोडवण्यात गेली. मग हवा काढणे. गाडीची पुढची चाके जॅकने उचलून खाली लोखंडी स्टँड लावले. नुसत्या जॅकवर तात्या कुणालाही गाडीखाली हात घालू देत नाहीत. इंजिन बंद ठेवून चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे, डब्यात तेल कमी झाले की भरायचे, पुन्हा फिरवायचे. तात्या डब्याशी, मी चक्राशी. पेजेवर यावेत तसे बुडबुडे वर येत होते. वीस वेळा फिरवले असेल. चाके अधांतरी असल्याने चक्र जड नव्हते, तरी दहाव्या फेरीला माझा खांदा बोलू लागला. थांबू का, असे तात्यांनी विचारले. मी नको म्हणालो. का, ते त्यांना सांगितले नाही. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा बुडबुडे संपत आले होते.

इंजिन सुरू केले. थोडा फेस आला आणि रात्रीपर्यंत विरला. चक्र एका बोटाने वळू लागले. पुरते टोकाला नेले की अजूनही एक बारीक फुसकारा येतो, पण तो दाब सोडणाऱ्या झडपेचा, त्याचा स्वतःचाच आवाज. तिथे चक्र चार-पाच सेकंदांहून अधिक दाबून धरू नये, तेल तापते आणि पंप झिजतो, अशी ताकीद मिळाली.

बुधवारी निपाणीला गेलो. बोळाशी गाडी एका दमात मागे घेतली. दादा उंबऱ्यात बसून माझ्या हातांकडे पाहत होता. गाडीत बसताना म्हणाला, "हलकं झालं."

"होय. एक नळी बदलली."

शुक्रवारी परतताना तवंदीचा घाट आला. उतार लागला तसा दादाचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि गिअरच्या दिशेने थोडा सरकला. मग त्याचा तोच थांबला. खाली निपाणी दिसत होती.

"किती दिवस लागले कामाला?" त्याने विचारले.

खरे सांगावे की नाही, याचा विचार मी एक वळण जाईपर्यंत केला. "एक दुपार," मी म्हणालो. "नळी अडीचशे रुपयांचीही नव्हती, दादा."

तो बराच वेळ काही बोलला नाही. चेहऱ्याची उजवी बाजू तेवढी हसल्यासारखी झाली. घाट उतरून गाडी गावाकडे वळली तेव्हा म्हणाला, "पुढच्या खेपेला जरा लवकर ये. पाऊस धरायच्या आत निघू."