बाउरायडरचा बाऊ

मिनेसोटात दहा हजारांवर तळी आहेत. आमच्या पुतण्यानं तिथं नवी 'बाउरायडर' घेतली. म्हणजे चालकाच्या काचेपुढे, अगदी नाकाडावरही बाकं असलेली मोटारबोट. झालं! धक्क्यावर हौशी नावाड्यांची पंचायत बसली. एक म्हणाला, "पुढच्या बाकावर पाय पसरत नाहीत." दुसरा म्हणाला, "तिथं चौघे बसले की नाक दबणार, लाट आत येणार." तिसऱ्याला पेले ठेवायचे खळगे कमी वाटले. पाहता पाहता नावातल्या बाऊचा खराखुरा बाऊ झाला. पुतण्याचा चेहरा उतरला.

"काका, तुम्हाला कशी वाटते?"

मला पोहता येत नाही. तरी तरंगणारं जाकीट चढवून मी थेट नाकाडावर जाऊन बसलो. बोट सुटली. पहिलीच लाट तोंडावर आली.

"झकास!" मी ओरडलो. कठडा मात्र दोन्ही हातांनी धरला होता.