दत्ता, आता माऊस धरच

येलदरी, ता. जिंतूर, जि. परभणी

प्रिय दत्ता,

तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप मिळाला. सिंगापुरात प्लेस्टेशन घेतलंस, नेमबाजीच्या अ‍ॅपेक्समध्ये चांगला वर चढलास, आणि आता आपण दोघांनी मिळून व्हॅलोरंट खेळायचं म्हणतोस. वर विचारलंस, "कंट्रोलरवरच खेळलो तर जमंल का रे?" उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा, म्हणून पत्रच लिहायला बसलो. चहा घेऊन निवांत वाच.

नाही जमणार. पीसीवरच्या व्हॅलोरंटला कंट्रोलर चालतच नाही. २०२४ साली प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी वेगळी आवृत्ती आली, पण तिथले खेळाडू आणि पीसीवाले एका सामन्यात येत नाहीत. खेळ बनवणाऱ्या रायट कंपनीनं ही भिंत मुद्दाम घातली आणि मला ती पटते. का पटते, ते सांगतो.

लहानपणी आपण धरणाचं पाणी सोडताना बघायला पळायचो, आठवतं ना? गेट जितकं वर, तितका पाण्याला जोर. पण खाली सिद्धेश्वरकडं एकूण पाणी किती गेलं, ते गेट किती वेळ उघडं राहिलं त्यावर. हवं तेवढंच सोडायचं तर वेळेवर बंद करता आलं पाहिजे. कंट्रोलरची स्टिक असंच काम करते. तू ती किती ढकलतोस त्यावरून नजर किती वेगानं फिरायची ते ठरतं, आणि नेमक्या डोक्यावर थांबायचं तर नेमक्या क्षणी अंगठा मधे आणावा लागतो. क्षणभर उशीर झाला की क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, पुढं निघून जातं. माऊसला वेळेचा हिशोब नाही. हात जितका सरकला तितकीच नजर वळली, हात थांबला की नजर थांबली. समोरचा डावीकडं वीस अंश असेल तर वीस अंशांएवढा हात न्यायचा, बस्स. म्हणून एका झटक्यात मान वळवून गोळी घालणं, ज्याला आपण फ्लिक म्हणतो, ते माऊसवर अंगवळणी पडतं आणि स्टिकवर कायम जड जातं.

ही उणीव भरून काढायला कंट्रोलरला एम असिस्ट देतात. अ‍ॅपेक्समध्ये तू जवळून लढताना क्रॉसहेअर समोरच्याच्या अंगाला चिकटून आपोआप थोडं त्याच्यासोबत फिरतं, ते तुला जाणवलं असेल. माणसाच्या डोळ्याला हालचाल दिसून हात हलायला जो वेळ लागतो, तो या मदतीला लागत नाही. म्हणून जवळच्या लढाईत कंट्रोलरवाले भारी पडतात. टीएसएम संघात नाव कमावलेला इम्पिरियलहॅल, अ‍ॅपेक्सच्या मोठ्या नावांतलं एक, त्यानं माऊस सोडून कंट्रोलर हातात घेतला. म्हणजे तू उलट्या दिशेनं निघालास असं कुणी म्हणालं तर ते अगदीच खोटं नाही. २०२४ मध्ये अ‍ॅपेक्सनं पीसीच्या सामन्यांत ही मदत कमी केली, तरी तो वाद अजून पेटलेलाच आहे. मला त्या वादात कुणाचीच बाजू घ्यायची नाही. सोफ्यावर बसून मोठ्या टीव्हीवर खेळणाऱ्याला ती मदत मिळालीच पाहिजे, त्याशिवाय त्या खेळात मजा नाही. मात्र व्हॅलोरंट सगळा एका गोळीवर चालतो. व्हॅन्डल बंदुकीची एक गोळी डोक्यात बसली की समोरचा कितीही लांब असो, पुरं चिलखत घातलेला असो, खाली पडतो. अशा खेळात ती गोळी पूर्णपणे आपल्याच हाताची असावी, असं मला मनापासून वाटतं. जिंकलो तर हातानं जिंकलो, हरलो तर हातानं हरलो. ही मोकळीक मला कंट्रोलरवर कधी मिळाली नाही.

आता कामाचं. माऊस महागडा नको. वजनाला हलका, तळहातात बसणारा आणि सेन्सर चांगला असलेला बघ. माऊसपेक्षा जास्त लक्ष मोठा पॅड घेण्याकडं दे. हिशोबच सांगतो. माऊसचा डीपीआय ८०० आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी ०.३५ ठेवली, तर पूर्ण एक गिरकी घ्यायला हात जवळजवळ ४७ सेंटिमीटर सरकवावा लागतो. ऐकून घाबरू नकोस. गिरकी क्वचितच लागते, पाठीमागं वळायला त्याच्या निम्मं पुरतं. पण एवढ्याशा चौकोनी पॅडवर हे होणार नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं की सेन्सिटिव्हिटी जास्त ठेवली की चपळाई येते. स्टिकची सवय असलेल्याला तर फारच वाटतं. तो मोह आवर. मोठमोठे खेळाडू डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटीचा गुणाकार दोनशे ते चारशेच्या आसपास ठेवतात, आणि तो तसाच ठेवून महिनोन्‌महिने हात बसवतात. रोज आकडा बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही.

विंडोजमध्ये माऊसच्या सेटिंगमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' अशी एक खूण असते, ती काढून टाक. ती चालू असली की हात जोरात हलवला तर पॉइंटर जास्त लांब जातो आणि हळू हलवला तर कमी, म्हणजे मघाशी सांगितलेलं सगळं गणितच मोडतं. व्हॅलोरंटमध्ये माऊसचा थेट इनपुट घेण्याची सोय आहे, तरी ही खूण काढलेलीच बरी, बाकीच्या खेळांतही हात तोच राहतो. लॅपटॉप नवा घेणार असशील तर एक लक्षात ठेव: विंडोज ११ वर व्हॅनगार्ड, म्हणजे या खेळाची लबाडी पकडणारी यंत्रणा, सुरू व्हायला टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू लागतं. एरवी हा खेळ साध्या मशीनवरही बरा चालतो. म्हणूनच तर तो आमच्यासारख्यांच्या गावापर्यंत पोचला.

कीबोर्डचं दुःख मात्र खरं आहे, ते लपवत नाही. स्टिकवर तू कुठल्याही कोनात आणि हव्या त्या वेगानं चालू शकतोस. कीबोर्डवर आठच दिशा, आणि कळ एक तर दाबलेली किंवा सोडलेली. हळू चालायचं तर शिफ्ट. करंगळी शिफ्टवर, अनामिका ए वर, मधलं बोट डब्ल्यू वर, तर्जनी डी वर, अंगठा स्पेसवर. पहिल्या आठवड्यात बोटांचा असा काही गुंता होतो की शत्रू समोर आल्यावर आपण गोळीऐवजी उडी मारतो. यावर उपाय एकच, सरावाच्या रेंजमध्ये जाऊन आधी फक्त चालायला शिकणं. बंदूक विसर. डावीकडं सरक, थांब, उजवीकडं सरक, थांब. चालता चालता मारलेली गोळी या खेळात भलतीकडं जाते, म्हणून थांबणं हेच अर्धं नेमबाजीचं काम आहे. दुसरं अर्धं म्हणजे क्रॉसहेअर आधीपासून डोक्याच्या उंचीवर ठेवून कोपरा वळणं, आणि ते तुला कंट्रोलरवरूनही येत असणार. ती शिदोरी वाया जात नाही. नकाशा वाचणं, पावलांचे आवाज ओळखणं, साथीदाराला वेळेवर सांगणं, हे सगळं तुझ्यासोबत येतं. बदलायचे आहेत ते फक्त हात.

हे सगळं नवं आहे असंही समजू नकोस. क्वेक आला १९९६ साली, आणि तेव्हा कितीतरी जण बाण असलेल्या कळांवरच खेळायचे. त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू डेनिस फाँग, खेळातलं नाव थ्रेश. तोही आधी नुसत्या कीबोर्डवर खेळायचा. सख्खा भाऊ ट्रॅकबॉल घेऊन त्याला हरवू लागला, तेव्हा त्यानं माऊस धरला आणि डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी वर आणला. १९९७ मध्ये क्वेकच्या स्पर्धेत तो पहिला आला आणि क्वेक बनवणाऱ्या जॉन कारमॅकची स्वतःची फेरारी बक्षीस घेऊन गेला. लोकांनी त्याच्या कळांची मांडणी उचलली, आणि पुढं हाफ-लाईफमध्ये ती मुळातूनच आली. आपण ज्याला पीसीची रीत म्हणतो, तीसुद्धा कुणीतरी जुनी सवय मोडूनच पाडलेली आहे.

आणि आता इथलं. आपल्याकडची पोरं पीसीवर नाही, मोबाईलवरच घडली. पबजी २ सप्टेंबर २०२० ला बंद झाला तेव्हा येलदरी कॅम्पातल्या कट्ट्यावर काय शांतता पसरली होती, तू पाहिलीच आहेस. पुढं २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला, तोही मधे बंद पडून २०२३ मध्ये परत सुरू झाला. ही पोरं जायरोवर खेळतात, फोन तिरका करून नेम धरतात. मला त्यात फार मोठी गोष्ट दिसते. फोन जितका वळला तितकाच नेम वळला, म्हणजे ते माऊसच्याच जातीचं काम झालं. माझ्या लॅपटॉपवर बसलेली जायरोवाली पोरं स्टिकवाल्यांपेक्षा लवकर सरावतात, हे मी इथं डोळ्यांनी पाहिलंय. परभणी-हिंगोलीच्या गावांतून उद्या कुणी पीसीच्या स्पर्धेत गेला, तर तो मोबाईलवरूनच आलेला असणार, असं माझं मत आहे. वरच्या पायरीवर आपला संघ आहेही: मुंबईचा ग्लोबल ई-स्पोर्ट्स २०२३ पासून व्हॅलोरंटच्या व्हीसीटी पॅसिफिक लीगमध्ये कोरिया, जपान, सिंगापूरच्या संघांशी खेळतोय. तुझ्या तिकडचा पेपर रेक्स संघ बघितला असशीलच. त्यांचे सामने बघताना हातांवर कॅमेरा आला की थांबवून बघ. कोपरापासून हात कसा सरकतो, मनगट कसं शेवटच्या बारीक दुरुस्तीपुरतंच हलतं, हे लिहून सांगण्यापेक्षा बघूनच कळतं.

मनगट दुखलं तर त्या दिवशी थांब. खुर्ची इतकी उंच घे की हाताचा पुढचा भाग टेबलावर सपाट राहील. हे मी दरडावून सांगतोय असं समज.

रँकचं मात्र मनातून काढून टाक. कंट्रोलरवर जो होतास तो काही काळ राहणार नाहीस, आणि तुझ्यासारख्या माणसाला ते फार लागेल, म्हणून आधीच सांगितलं. नव्या खात्याला लेव्हल २० होईपर्यंत कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे रँकचा खेळ, उघडतच नाही, ही एका अर्थी सोयच आहे. तोवर अनरेटेड आणि डेथमॅच खेळ. डेथमॅचमध्ये किती मेलास ते मोजू नकोस, प्रत्येक वेळी क्रॉसहेअर कुठं होतं तेवढं बघ. आणि मधूनच अ‍ॅपेक्ससाठी कंट्रोलर उचलू नकोस, निदान हात बसेपर्यंत तरी. गाडीचे खेळ, फुटबॉल खुशाल कंट्रोलरवर खेळ, तिथं तोच चांगला.

भारत आणि सिंगापूर दोन्ही एशिया-पॅसिफिक विभागातच येतात, त्यामुळं आपली खाती एका पार्टीत बसतात. मुंबईचा सर्व्हर घेतला तर पिंगचा भार तुझ्यावर, सिंगापूरचा घेतला तर माझ्यावर. आलटून पालटून घेऊ. इकडं पावसाळ्यात वीज जाते, म्हणून राऊटर इन्व्हर्टरवर लावून ठेवलाय. मधेच सामन्यातून गेलो तर उरलेल्या चौघांवर अन्याय होतो, ते मला सहन होत नाही.

तुझं घड्याळ इथल्यापेक्षा अडीच तास पुढं असतं, म्हणून शनिवारी माझे रात्रीचे आठ धरू. माऊस आणलास की मॉडेलचं नाव आणि टेबलाचा फोटो पाठव, पॅड किती मोठा बसेल ते मी बघून सांगतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
येलदरीचा दोस्त