सावित्रीची हद्द

संगणकांच्या जाळ्यात वाट दाखविण्याचे काम राउटर करतो, आणि ओ.एस.पी.एफ. नामक ज्या पद्धतीने हे राउटर परस्परांना खबर देतात तिच्यात प्रत्येकाला आपल्या विभागाचा समग्र नकाशा जवळ बाळगावा लागतो. एखादी लिंक तुटली वा जुळली की ती वार्ता विभागातील यच्चयावत यंत्रांपर्यंत पोहोचते, आणि एड्सगर डाइक्स्ट्रा या डच पंडिताने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने प्रत्येक यंत्र सर्वांत कमी खर्चाच्या वाटा नव्याने काढू लागते. परंतु महाड-पोलादपुराकडे आषाढ-श्रावणात डोंगरातल्या एखाद्या वाडीची वीज घटकेत जाते नि घटकेत येते, बॅटरी उतरते, आणि तिथली लिंक दिवसभर उघडझाप करीत राहते. तेव्हा त्या प्रत्येक उघडझापीपायी अलिबागच्या राउटरनेही आपला हिशेब पुन्हा मांडावा, हे मला कधीच मान्य झालेले नाही.

यावर तोड म्हणून जाळ्याचे एरिया पाडतात. जॉन मॉय यांनी लिहिलेला आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेला या पद्धतीचा दस्तऐवज आजही आम्हां मंडळींचा आधारग्रंथ आहे, आणि त्यातला दंडक असा की शून्य क्रमांकाचा एरिया हा सर्वांचा कणा, इतर प्रत्येक एरियाने त्याला भिडलेच पाहिजे, आणि सीमेवरच्या राउटरने तपशील आत ठेवून बाहेर गोषवारा दिला तरी चालेल. महसुली दप्तर ज्यांनी हाताळले आहे त्यांना ही व्यवस्था परकी वाटू नये: कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे हे तलाठ्याच्या सज्जात राहते, तहसिलीत गावांच्या बेरजा जातात, आणि कलेक्टर कचेरीचे काम तालुक्यांच्या आकड्यांवर भागते. राउटर पुष्कळ झाले म्हणून एरिया पाडावेत, असे पूर्वी सांगत. आजची यंत्रे शेकडो सोबत्यांचा नकाशा सहज पेलतात, आणि माझ्या मते एका ठिकाणचा बिघाड त्याच ठिकाणी अडवून धरणे हेच विभागणीचे खरे प्रयोजन उरले आहे.

आता महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके महाडच्या एकाच प्रांत कचेरीखाली येतात, त्यामुळे कचेरीत बसून आराखडा काढणाऱ्यास मोह पडतो की दोहोंचा मिळून एकच एरिया करावा, त्याला १०.६४.०.० पासून १०.६४.३१.२५५ पर्यंतचे पत्ते द्यावेत, महाडास एक व पोलादपुरास एक असे सीमेवरचे दोन राउटर बसवून दोघांकडूनही त्या सबंध पट्ट्याचा एकच गोषवारा कण्यास कळवावा. कागदावर याहून नेटकी रचना सापडणार नाही, आणि उन्हाळ्यात ती निर्वेध चालेलही.

पण या दोन गावांमधून सावित्री वाहते. महाबळेश्वरी उगम पावून ती पोलादपुराकडे उतरते, महाडाजवळ काळ आणि गांधारी तिला येऊन मिळतात, आणि पुराचा लोंढा उतरू पाहतो तेव्हा खाडीची भरती त्याला थोपवून धरते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल तिने वाहनांसह आणि माणसांसह नेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, आणि पोलादपूर तालुक्यातही केवनाळे व सुतारवाडी येथे माणसे गाडली गेली. ज्या मुलखात रस्ताच असा दुभंगतो, तिथे रस्त्याच्या कडेने पुरलेली फायबर शाबूत राहील हे गृहीत धरून आराखडा काढणे मी कर्तव्यच्युती समजतो, कारण नेमक्या त्याच दिवशी तहसील, दवाखाना आणि ग्रामपंचायत यांना एकमेकांचा आवाज ऐकू येणे अत्यावश्यक असते.

त्या दिवशी वरील एकत्र एरियात काय होईल ते पाहावे. नदीवरची लिंक गेली की एरियाचे दोन तुकडे पडतात, तरी प्रत्येक तुकड्यात काही गावे जिवंत असल्याने सीमेवरचे दोन्ही राउटर सबंध पट्टा आपल्याकडेच असल्याची ग्वाही देत राहतात. अलिबागेहून पोलादपूर तालुक्यातल्या उमरठच्या पत्त्यावर निघालेले पॅकेट जवळची वाट म्हणून महाडास येते, तिथल्या राउटरला उमरठचा मार्ग ठाऊक नसतो, आणि पोलादपूरची कण्याकडची वाट धडधाकट असूनही ते पॅकेट महाडातच टाकून दिले जाते. गोषवाराच दिला नसता, तर दोन्ही तुकडे आपापली गावे वेगवेगळी सांगून कण्यामार्फत आपोआप सांधले गेले असते. म्हणजे जो उपाय शांततेसाठी योजला, तोच एरिया फुटल्यावर गावे गिळतो.

म्हणून मी हद्द नदीवर घालतो. पट्ट्याचा पूर्वार्ध महाडाचा, १०.६४.१६.० पासूनचा उत्तरार्ध पोलादपूरचा, एरिया दोन आणि गोषवारेही दोन. सावित्रीवरची लिंक कण्यात, म्हणजे ती तुटली तरी कोणत्याही एरियाचे पोट फुटत नाही. मात्र मग पोलादपूरला महाडावाचून कण्याशी जोडणारी दुसरी वाट हवी: कशेडी ओलांडून खेडकडे, नाही तर आंबेनळी चढून महाबळेश्वराकडे. दोन्ही घाटांत दरडी येतात, पण म्हणून एकाच पुलावर सारा भार टाकणे हा काही तोडगा नव्हे. टेकडीवरून टेकडीवर टाकलेली बिनतारी लिंक वेगाने उणी असली तरी दरडीच्या वाटेत येत नाही, आणि तिचा खर्चाचा आकडा चढा ठेवला की एरवी ती स्वस्थ राहून अडल्या वेळीच कामास येते. महाडाच्या एरियातून बोगदा काढल्यासारखी आभासी जोडणी देऊनही पोलादपूरला कण्याशी बांधता येते, परंतु तो मार्ग शेवटी नदीवरूनच जातो, तेव्हा मी त्याच्या वाटेस जात नाही.

देखभालीच्या सोयीसाठी दोन्ही तालुके पुन्हा एकाच एरियात घ्यावेत, ही सूचना दर काही वर्षांनी नव्याने येते. तिला माझी हरकत नाही. नदीच्या दोन्ही तीरांना जोडणारे, एकमेकांपासून दूर असलेले दोन स्वतंत्र मार्ग आधी उभे राहावेत, भर पावसात एक मुद्दाम बंद करून दुसऱ्यावर कारभार चालतो की नाही हे पाहावे, आणि मग एकच गोषवारा लिहावा.