बिअर वजा अल्कोहोल

आमच्या घरात ‘बिअर’ हा शब्दच नव्हता. ‘दारू’ हा एकच शब्द होता, आणि तोही आई आवाज खाली आणून उच्चारायची. बाबा सांगलीला एका कारखान्यात फिटर होते. पगाराच्या दिवशी उशिरा यायचे. रोजचा कोटा एक क्वार्टर, असं ते स्वतःच सांगायचे. त्यापेक्षा जास्त घेत नाही, याचा त्यांना अभिमानही होता. मी बारावीत असताना लिव्हरच्या दुखण्याने गेले. ‘असल्या गोष्टीला शिवायचं नाही’ हे आईला मला कधी सांगावं लागलं नाही.

मग मी एमएस करायला कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्सला आले. म्हणजे नेमकी बिअरच्या गावातच. इथे १९९१मध्ये एका घराच्या तळघरातून न्यू बेल्जियम ही ब्रूअरी सुरू झाली आणि पुढे देशभर पोचली. आज गावात वीसहून जास्त ब्रूअऱ्या आहेत.

पहिलं सेमिस्टर संपल्यावर लॅबमधली मंडळी मला एका छोट्या टॅपरूममध्ये घेऊन गेली. बार म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर काळ्या काचा आणि हिरवे पडदे यायचे. इथे लख्ख ऊन होतं. एका टेबलावर पोरं चित्रं रंगवत होती, खाली कुत्रा झोपला होता, बाहेर टाकोचा ट्रक उभा होता. आणि एक वास होता, खूप ओळखीचा. लहानपणी आई नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व शिजवायची, तसा. मागे काचेपलीकडे मोड आलेलं बार्ली गरम पाण्यात मुरत होतं. परदेशात आल्यावर मला पहिल्यांदा घरासारखं वाटलं ते तिथे. हे आईला कसं सांगणार?

पुढची सहा वर्षं ती माझी जागा झाली. पहिली नोकरी लागली तेव्हा, व्हिसा अडकला तेव्हा, ब्रेकअप झालं तेव्हा मी तिथेच बसले. मालक स्वतःच बिअर बनवतो. आम्ही त्याला दाढीवाला म्हणतो, तोंडावर सुद्धा. त्याने मला सिट्रा आणि मोझॅक हॉप्सचे वास ओळखायला शिकवले. आंबा, संत्र्याची साल, ओली माती. मी नोंदी ठेवायचे, मार्क द्यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘मी पीत नाही, टेस्ट करते.’

दोन वर्षांपूर्वी रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे वर आले. डॉक्टरने विचारलं, ‘किती घेता?’ मी म्हटलं, दिवसाला दोन पाइंट, जास्त नाही.

त्या रात्री मी मोबाइलवर हिशोब केला. अमेरिकन पाइंट ४७३ मिलीलीटरचा. माझी आवडती डबल आयपीए ८ टक्क्यांची. दोन पाइंटांत साधारण ७६ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची क्वार्टर १८० मिलीची, व्हिस्की ४२.८ टक्के. त्यात ७७ मिली.

मी तो हिशोब तीनदा केला. दोन पाइंट म्हणजे एक क्वार्टर. बाबांचा कोटा.

मी सोडली. मला वाटलं होतं की जगावेगळं काही करतेय, पण तसं नव्हतं. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी अल्कोहोलचा किमान सात प्रकारच्या कॅन्सरशी संबंध असल्याचं सांगून बाटलीवरचा इशारा बदलायची मागणी केली. त्याच वर्षी गॅलपच्या पाहणीत फक्त ५४ टक्के अमेरिकन प्रौढांनी ‘आम्ही पितो’ असं सांगितलं. या पाहणीच्या जवळपास नव्वद वर्षांतला हा नीचांक. आणि २०२४मध्ये क्राफ्ट ब्रूअऱ्या जितक्या उघडल्या त्यापेक्षा जास्त बंद पडल्या. तब्बल दोन दशकांनी असं झालं. ज्या अँकरपासून ही सगळी चळवळ सुरू झाली असं मानतात, त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरने २०२३मध्ये काम थांबवलं. पुढच्या वर्षी तिला नवा मालक मिळाला, ही गोष्ट वेगळी. आमच्या गावच्या न्यू बेल्जियमनेही २०२३मध्ये आपल्या ‘फॅट टायर’ची रेसिपी बदलून ती हलकी आणि फिकी केली. दहा वर्षांपूर्वी शर्यत होती कडू आणि कडक करायची. आता उलटी आहे.

सोडल्यावर महिनाभर मी त्या रस्त्याने जायचंही टाळलं. मग एका गुरुवारी गेले आणि दाढीवाल्याला म्हटलं, ‘बिनअल्कोहोलची बनव ना. सगळे बनवतायत.’ अथलेटिक ब्रूइंगसारखी कंपनी तर तेवढंच विकून मोठी झालीय.

तो हसला आणि मला मागे टाक्यांपाशी घेऊन गेला. बिअर आधी बनवायची आणि मग तिच्यातलं अल्कोहोल काढायचं, तर निर्वात यंत्र लागतं किंवा बारीक गाळणी. दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेर. माल्टची साखर न खाणारं यीस्ट मिळतं, ते वापरता येईल. पण खरी अडचण पुढेच आहे. अल्कोहोल हा बिअरचा पहारेकरी. तो गेला की उरतं ते साखरेचं पाणी, त्यात जंतू वाढू शकतात. म्हणजे पाश्चराइझ करायचं यंत्र हवं, आणि पिंपातून नळावर द्यायची तर सफाईचा धोका वेगळाच. मोठ्या कंपन्यांना हे जमतं. आठ टेबलांच्या दुकानाला नाही.

‘माझे पैसे या काउंटरवर सुटतात,’ तो म्हणाला. ‘दुकानांत कॅन ठेवून जवळपास काहीच उरत नाही. इथे येऊन तुम्ही दोन पाइंट प्यायचात, त्यावर भाडं निघायचं. आता तुझं लिव्हर सुधारतंय आणि माझं दुकान आजारी पडतंय.’

तो चेष्टेत म्हणाला. पण मी हिशोब करणारी बाई. आठवड्याचे चौदा पाइंट, वर्षाला सातशेच्या वर. त्यातले निम्मे जरी इथले धरले तरी सहा वर्षांचे दोन हजारांहून जास्त होतात. मला जी जागा हवी होती, ती मला नको असलेल्या वस्तूवर चालत होती.

सध्या त्याने कॅन भरायचं यंत्र विकलंय. दोन टाक्या दुसऱ्या एका ब्रूअरीला वापरायला दिल्यात, भाडं वाटून घेतात. नळांवर आयपीए कमी झाल्या आणि साधी, साडेचार टक्क्यांची लागर आली. आणि शेवटच्या नळावर हॉप वॉटर आहे. थंड पाण्यात हॉप्स, थोडं आम्ल, वर गॅस. आंबवायची भानगडच नाही. मी दर गुरुवारी तेच पिते. वास तोच, संत्र्याच्या सालीचा. माल्टची गोडी मात्र नसते, आणि ती आठवते. खोटं का बोलू?

गेल्या महिन्यात आईला फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आता बंद केलीस म्हणतेस?’

‘हो.’

‘हेच ते पण म्हणायचे.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात आई इकडे येणार आहे. सकाळी बार्ली मुरत असताना तिला त्या दुकानात न्यावं, नुसता तो वास दाखवावा, असं फार वाटतं. ती येईल का माहीत नाही. तोवर दुकान असेल का, तेही माहीत नाही.