काचुरवाहीचं नाव लंडनला माहीत आहे, आपल्याला नाही

रामटेककडचे लोक म्हणतात, आमच्याकडे गड आहे, मंदिर आहे, अंबाळा आहे. खरं आहे. पण जगभरच्या खनिजशास्त्राच्या पुस्तकांत आपला पट्टा ओळखला जातो तो मॅंगनीजमुळे, आणि हे शाळेत कोणी सांगत नाही. म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट.

लुई ली फर्मोर नावाचा इंग्रज भूवैज्ञानिक होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो भारतातल्या मॅंगनीज खाणी पालथ्या घालत फिरला आणि 1909 मध्ये त्याचा हजारावर पानांचा ग्रंथ निघाला. काचुरवाहीच्या छोट्या खाणीत त्याला एक खनिज सापडलं. सूक्ष्मदर्शकाखाली फिरवलं की गुलाबी, जांभळं, निळं असे रंग बदलतं. नाव ठेवलं ब्लॅनफर्डाइट, ब्लॅनफर्ड या साहेबाच्या नावावरून. बेलडोंगरीच्या दगडाला व्रेडेनबर्ग साहेबाचं नाव मिळालं. पुढे कळलं की ते एक खनिज नसून दोन खनिजांची गुंफण आहे. दगड आपले, नावं साहेबांची! मात्र ज्या खडकात हे मॅंगनीज असतं त्याला त्यानं ‘गोंडाइट’ म्हटलं, गोंड लोकांवरून. तेवढं एक बरं केलं.

हा गोंडाइट म्हणजे मॅंगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी. मुळात समुद्राच्या तळाशी बसलेला मॅंगनीजचा गाळ. त्या समुद्रात मासेसुद्धा नव्हते, इतकी जुनी गोष्ट. मग तो गाळ जमिनीत खोल गेला, तापला, दाबला गेला, घडी घातलेल्या चादरीसारखा दुमडला. म्हणूनच आपल्याकडे खनिजाचा थर सरळ सापडत नाही. कुठे टेकडीच्या माथ्यावर उघडा, कुठे तिरपा खाली उतरलेला. नागपूर, भंडारा ते बालाघाट असा हा पट्टा जातो.

मनसरकडे 1900 च्या सुमारास खोदकाम सुरू झालं. 1905 च्या आगेमागे रशियात युद्ध आणि बंडाळी झाली, तिकडचा माल आटला आणि आपल्या टेकड्यांना भाव आला. पोलादाला मॅंगनीज लागतंच. ते नसलं तर गंधकामुळे पोलाद तापल्यावर तडकतं. त्या काळातली पद्धत साधी होती. टेकडी वरून कापत यायचं, घणानं फोडायचं, काळा जड दगड हातानं निवडायचा, चट्टे लावायचे. फोडणी-निवडणीला बहुतेक बाया.

माझी आजी त्यातलीच. रोजीवर जायची. "म्यांगनीजचा दगड हातात घेतला की वजनावरूनच कयते," म्हणायची. म्हातारपणी तिचे हात थरथरायचे, चालताना पाय अडखळायचे. खाणीमुळेच, असा दावा मी करत नाही. पण मॅंगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर मेंदूवर परिणाम होतो, हात कापतात, चाल बिघडते, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. मॅंगॅनिझम म्हणतात त्याला. तिची कोणी तपासणी केली नाही. वयच झालं म्हणून आम्हीही गप्प बसलो आणि दवाखान्यानंही तेच लिहून दिलं.

आता मुद्द्याचं. 2015 साली खाण कायद्यात बदल होऊन प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या 30 टक्क्यांएवढी आणि लिलावातल्या नव्या पट्ट्यांवर 10 टक्क्यांएवढी रक्कम खाणवाल्यानं त्यात भरायची. हा पैसा खाणीमुळे बाधित गावांच्या पिण्याच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी, शिक्षणासाठी आहे. रस्त्याचं भूमिपूजन आणि फ्लेक्सवरचे फोटो हे त्याचं पहिलं काम नाही.

येत्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी लेखी मागणार आहे. एक, जुन्या खाणकामगारांची, विशेषतः बायांची, मज्जासंस्थेची आणि छातीची तपासणी. दोन, बंद पडलेल्या पाणीभरल्या खड्ड्यांना कुंपण. उन्हाळ्यात पोरं तिथेच पोहायला जातात. तीन, आपल्या गावाच्या नावे किती निधी आला आणि कुठे गेला, त्याचा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर.

ज्यांच्या घरातलं कोणी फोडणीला, चट्ट्यावर किंवा खाली बोगद्यात कामाला होतं, त्यांनी नाव आणि अंदाजे वर्षं मला इनबॉक्समध्ये पाठवा. जुना हजेरी बिल्ला, पगाराची चिठ्ठी असेल तर जपून ठेवा, फेकू नका. अर्जाला तोच कागद जोडायचा आहे.