अल्फेलियनचा मेसेज आला की रानात काठी रोवा



पावसाळी गारवा सुटला की दरवर्षी तोच मेसेज ग्रुपवर फिरतो. उद्या पहाटे 5.27 पासून अल्फेलियन, पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, ऑगस्टपर्यंत थंडी, अंगदुखी, खोकला, धाप. पुढं हिशोबही असतो: नेहमीचं अंतर 9 कोटी किलोमीटर, आता 15.2 कोटी, म्हणजे 66 टक्के जास्त.

यातला 15.2 कोटीचा आकडा खरा, 9 कोटीचा खोटा. एक खरा दाणा घालून अख्खं पोतं खपवलंय. सरासरी अंतर 14.96 कोटी आहे. साधारण 3 जानेवारीला आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो, 14.71 कोटीवर. 4 जुलैच्या आसपास सगळ्यात लांब, 15.21 कोटीवर. यालाच अपसूर्य म्हणतात, आणि तो दरवर्षी येतो. फरक 50 लाख किलोमीटरचा, म्हणजे शेकडा साडेतीनही नाही.

आता सांगा, सूर्य जवळ असतो त्या जानेवारीत आपला गहू थंडीवर का पोसतो? अंतरावर थंडी ठरत असती तर गहू जुलैत पेरला असता.

पटत नसेल तर पाच फुटी काठी सरळ रोवा. पुणतांब्यात भर दुपारी, म्हणजे साडेबाराच्या आसपास, 3 जानेवारीला तिची सावली साडेचार फुटांच्या वर भरते. 19 मेच्या सुमारास सावली जवळजवळ गायब होते. 4 जुलैला ढग फाटले तर जेमतेम तीन-चार इंच. म्हणजे सूर्य 'लांब' असतो तेव्हाच डोक्यावर असतो. लांब गेल्यानं ऊन 7 टक्क्यांच्या आसपास कमी होतं, हे खरं. पण ऋतू ठरवतो तो पृथ्वीच्या आसाचा 23.5 अंशांचा कल. आणि जुलैतला गारवा ढगांचा न् पावसाचा.

मेसेज नुसता खोटा असता तर हसून सोडून दिलं असतं. पण पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, न्यूमोनिया असतो. घरातलं म्हातारं माणूस तापानं फणफणलं आणि आपण 'अल्फेलियन आहे, जाईल' म्हणून बसलो, तर दोन दिवस हातचे जातात. गोठ्यातल्या गाईनं चारा सोडला तरी तेच. दवाखाना गाठायचा, मेसेज नाही वाचत बसायचा.

पेरणी-फवारणीचंही तसंच. त्यासाठी हवामान खात्याचा मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला बघा, बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. थंडी येणार म्हणून सोयाबीनचं वेळापत्रक हलवू नका.

मेसेज परत आला की भांडू नका. एवढंच विचारा, "दादा, मग जानेवारीत थंडी का?"