शिव दोघांची, म्हणून कुणाचीच नव्हती



काल शिवेकडच्या दोन एकरातला ऊस तुटून गेला. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन शिवेच्या रस्त्यानं थेट डांबरीला लागला. मी शेती हातात घेतल्यापासून हे पहिल्यांदा बघितलं, म्हणून लिहितोय.

आमचं गाव आणि शेजारचं गाव, मधी दीड किलोमीटरची शिव. गावनकाशावर तिथं रस्ता आहे. जमिनीवर मात्र नांगरून नांगरून पाऊलवाट राहिलेली. आमची ग्रामपंचायत म्हणायची रस्ता त्यांचा, त्यांची म्हणायची आमचा. दोन्हीकडचा मुरूम आपापल्या शेवटच्या घरापाशी थांबायचा.

त्याची किंमत आम्ही भरत होतो. टोळीवाले वरचे पैसे मागायचे. त्यांचंही खोटं नव्हतं, मोळी डोक्यावर घेऊन तीनशे फूट चालायचं म्हणजे चेष्टा नाही. तोड मार्चवर जायची, तोवर उसाला तुरा येऊन वजन घटलेलं. शिवेवरच्या वस्तीत नऊ घरं आहेत. तिथं घरकुलं मंजूर झाली, पण एक लाख वीस हजारात घर बांधायचं आणि विटांची गाडी डांबरीवरच रिकामी व्हायची. तिथून पुढं दुसरं भाडं.

दोन वर्षांपूर्वी दोन्ही गावचे सरपंच, ग्रामसेवक आणि आम्ही शेतकरी शिवेवरच्या बाभळीखाली बसलो. हिशोब साधा होता. वित्त आयोगाच्या पैशातले ६० टक्के तेव्हा पाणी आणि स्वच्छतेलाच लावायचे असायचे, रस्त्याला उरायचे ४० टक्के, तेही सगळ्या गावात वाटलेले. एकट्या गावाला दीड किलोमीटर झेपत नव्हतं. अर्धं-अर्धं झेपत होतं. दोन्ही ग्रामसभांनी एकाच मजकुराचा ठराव करायचा आणि दोन्ही विकास आराखड्यांत एकाच वर्षी काम धरायचं, असं ठरलं.

तेवढ्यात पलीकडच्या गावचे एक आण्णा म्हणाले, "ठराव करा, पण आधी मोजणी करा. रस्ता हाय कुठं ते तरी बघू."

मोजणी झाली. चुन्याची रेघ माझ्या उसातून गेली, बांधाच्या सहा फूट आत. वडलांनी दोन तास सरकवलेला बांध मी अजून तीन तास सरकवला होता. सगळ्यांपुढं मी म्हणालो, "आमचं वडलांपासून असंच हाय." आण्णा काही बोलले नाहीत, नुसतं बघत राहिले.

रात्री जेवताना मंडळी म्हणाली, "अहो, मीटिंगला रस्ता मागायला पुढं तुम्हीच होता ना?" घास घशात अडकला.

मग कागद घेतला. सहा फूट रुंद, ४२० फूट लांब, म्हणजे सव्वादोन गुंठ्यांच्या आसपास. एकरी ४० टनानं सव्वादोन टन ऊस. आणि उशिरा तोडीनं दोन एकराच्या ८० टनात पाच टक्के घट धरली तरी चार टन. टोळीचे वरचे पैसे वेगळेच. जे दाबून बसलो होतो त्याच्यापेक्षा जास्त दरवर्षी घालवत होतो. तिसऱ्या दिवशी जेसीबी बोलावला आणि माझाच बांध मागं घेतला. त्या आठवड्यात दोन्हीकडच्या बऱ्याच जणांनी घेतला.

मुरूम आपापल्या हद्दीत ज्यानं त्यानं टाकला. वस्ती आमच्या हद्दीत, पण त्यांची टाकी जवळ. म्हणून पाणी त्यांच्या टाकीवरनं, पाइप आमच्या पंचायतीनं टाकली, आणि पाणीपट्टी आमची पंचायत गोळा करून त्यांना देते. नऊ घरांत नळ आला.

सगळं गोड झालं असं नाही. एका जागी एकानं बांध सोडलेला नाही, तिथं ट्रॉली घासून जाते. नकाशावरचा रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडं जाता येतं. पण आम्ही अजून बोलूनच बघतोय, शेजारी आहे. ओढ्यावरची फरशीही राहिली आहे. नळ्या कुणी आणायच्या यावर पुन्हा तुमचं-आमचं सुरू आहे. पावसाळ्यात तिथं वस्तीची पोरं अजून पाण्यातनंच शाळेत जातात. येत्या ग्रामसभेत दोन्हीकडं तोच विषय पहिला घ्यायचा, असं ठरवलंय.

तुमच्याकडं शिवरस्ता असा अडकला असेल तर एक सांगतो. अर्ज नंतर करा, आधी गावनकाशा काढा आणि टेप घेऊन पहिल्यांदा आपल्याच बांधावर जा.

फरशीचं काम दोन गावांनी मिळून केलं असेल तर खर्च कसा वाटला, ते खाली लिहा. आम्हाला उपयोग होईल.